थंड पाण्यात मुरवलेली कॉफी : एक घरगुती कृती आणि तिच्या उगमकथांची ऐतिहासिक चिकित्सा

बीजशब्द : कोल्ड ब्रू, अर्क, उगमकथा, डच कॉफी, हिम, घरगुती ज्ञान

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील शहरांत ‘कोल्ड ब्रू’ या नावाने ओळखले जाणारे पेय रुजू लागले आहे. भरड दळलेली कॉफी थंड पाण्यात बारा ते अठरा तास भिजत ठेवावयाची, नंतर ती गाळावयाची आणि हाती आलेला दाट अर्क पाणी किंवा दूध घालून प्यावयाचा, एवढीच या पेयाची कृती होय. त्यासाठी चूल लागत नाही, यंत्र लागत नाही आणि विशेष कौशल्यही लागत नाही. एक बरणी, पाणी, स्वच्छ फडके आणि एक रात्र एवढे पुरते. असे असूनही या पेयाची माहिती देताना त्याचा ‘चारशे वर्षांचा इतिहास’ आवर्जून सांगितला जातो. इतक्या साध्या कृतीला इतका लांबचा इतिहास का चिकटतो आणि तो पुराव्याच्या कसोटीवर कितपत टिकतो, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतलेला आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त वर्गातले आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘ऐतिहासिक पुरावा’ हे प्रकरण शिकविताना प्रस्तुत लेखिकेने त्यांना एक स्वाध्याय दिला होता. नित्याच्या वापरातील एक वस्तू निवडावी, तिच्या उगमाविषयी काय सांगितले जाते ते लिहावे आणि त्या सांगण्यास आधार कोणता ते तपासावे, असा तो स्वाध्याय होता. दोघांनी कोल्ड ब्रू हा विषय निवडला. एकाने डच खलाशांची गोष्ट आणली. दुसऱ्याने असे प्रतिपादन केले की, ही पद्धत मुळात आयुर्वेदातील ‘हिम’ असून ती आपल्याकडूनच जगाला मिळाली. वर्गाने टाळ्या दिल्या त्या दुसऱ्याला. पहिल्याचा पुरावा दुबळा होता, दुसऱ्याजवळ तर पुरावाच नव्हता; परंतु त्याच्याजवळ ग्रंथाचे नाव होते आणि ‘आपण’ हे सर्वनाम होते. त्या टाळ्यांना तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत उत्तर देणे शक्य झाले नाही.

विषयात शिरण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या बोलण्यात ‘कोल्ड कॉफी’ म्हणजे इन्स्टंट कॉफी, दूध, साखर आणि बहुधा आइस्क्रीम घुसळून केलेले पेय. पुण्यातील कोथरूड भागातील ‘दुर्गा’ची कोल्ड कॉफी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे, ती याच जातीची. गरम कॉफी करून तिच्यात बर्फ टाकला की होते ती ‘आइस्ड कॉफी’. या दोन्हींत थंडपणा शेवटी येतो. कोल्ड ब्रूमध्ये मात्र कॉफीचा गुण पाण्यात उतरण्याची क्रियाच थंड पाण्यात घडते. पिताना ती गरम करून घेतली तरी तिला कोल्ड ब्रूच म्हणावे लागते. इतिहास पाहावयाचा तो पेय थंड असण्याचा नव्हे, तर कृती थंड असण्याचा.

डच खलाशांची कथा

सर्वाधिक प्रचलित कथा अशी. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जावाहून जपानला जात. लाकडी जहाजावर विस्तव बाळगणे धोक्याचे. म्हणून खलाशांनी थंड पाण्यात कॉफी मुरवून तिचा अर्क सोबत नेण्याची युक्ती काढली. पुढे त्यांनी ती जपानी लोकांना शिकविली आणि क्योटो येथे तिला आजचे रूप आले. जपानमध्ये या कॉफीला ‘डच कॉफी’ म्हणतात. कोरियातही तेच नाव रूढ आहे. नावच साक्ष देत असल्याने कथेवर सहज विश्वास बसतो.

कालक्रम लावून पाहिला की अडचण दिसू लागते. जावामध्ये कॉफीचे पीकच मुळी सतराव्या शतकाच्या अगदी अखेरीस आले. इ.स. १६९६ मध्ये कॉफीची रोपे बटाव्हियास, म्हणजे आजच्या जकार्तास, पाठविण्यात आली. ती टिकली नाहीत. १६९९ मध्ये पुन्हा रोपे गेली आणि ती रुजली. जावाच्या कॉफीची अॅमस्टरडॅममधील पहिली विक्री १७११ ची आहे. म्हणजे सतराव्या शतकभर जावाहून निघणाऱ्या जहाजावर जावाची कॉफी असणे शक्य नव्हते. डच व्यापारी तेव्हा येमेनमधील मोखा बंदरातून कॉफी विकत घेत, हे खरे. तेव्हा जहाजावर कॉफी असूच शकत नव्हती असे म्हणता येत नाही. परंतु कथा सांगणारे मोखाचे नाव घेत नाहीत, जावाचे घेतात.

ही रोपे जावाला गेली ती मलबारच्या किनाऱ्यावरून, हेही येथे नोंदविले पाहिजे. चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुडन यांनी अरबस्तानातून सात बिया आणून लावल्याची कथा सर्वश्रुत आहे. ती कथा म्हणूनच वाचावी लागते. तथापि १६९६ मध्ये मलबारमधून कॉफीची रोपे पाठविता आली, याचा अर्थ तोपर्यंत दक्षिण भारताच्या पश्चिम भागात कॉफी रुजली होती. बाबा बुडन यांच्या बियांची संख्या सिद्ध होत नाही. कॉफी त्या सुमारास या भूमीत आली होती, एवढे मात्र सिद्ध होते. उगमकथा सरसकट खोटी ठरवून मोकळे होणे हीदेखील आळशीपणाचीच एक रीत आहे. कथेचा कोणता भाग दस्तऐवजाला टेकतो आणि कोणता अधांतरी राहतो, हे पाहावे लागते.

डच कथेची एक दुसरी आवृत्ती जपानमध्ये सांगितली जाते. तीत जहाज नाही. डच ईस्ट इंडीजमधील रोबस्टा जातीच्या कॉफीचा कडवटपणा कमी व्हावा म्हणून तेथील लोकांनी थंड पाण्याची पद्धत शोधली, असे ती सांगते. रासायनिक दृष्टीने हे कारण पटण्यासारखे आहे. मात्र जावामध्ये रोबस्टाची लागवड सुरू झाली ती १९०० च्या सुमारास, कॉफीच्या पानांवरील तांबेरा रोगाने अरेबिकाचे मळे उद्ध्वस्त झाल्यानंतर. म्हणजे रोबस्टा खरी मानली तर सतरावे शतक सोडावे लागते आणि सतरावे शतक धरून ठेवले तर रोबस्टा सोडावी लागते. सांगणारे पुष्कळदा दोन्ही एकाच परिच्छेदात सांगतात.

जपानी बाजूची एक साक्ष उपलब्ध आहे आणि ती मोलाची आहे. १६४१ पासून डचांचा व्यापार नागासाकीजवळील देजिमा या छोट्या बेटापुरता मर्यादित होता. जपानी माणसाने कॉफीच्या चवीविषयी लिहिलेल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक १८०४ ची असून ती ओता नाम्पो या लेखकाची आहे. डच जहाजावर त्याला कॉफी देण्यात आली. बिया काळ्या होईपर्यंत भाजून दळलेल्या, त्यात साखर घातलेली, असे वर्णन करून त्याने तिला जळका वास येत असल्याची तक्रार केली आहे. चव त्याला सोसवली नाही. थंड अर्काची युक्ती डच खलाशांनी दीडशे वर्षे वापरली असती आणि जपान्यांना शिकविली असती, तर १८०४ मध्ये एका जिज्ञासू आणि बहुश्रुत लेखकाला कॉफी ही अशी अनोळखी, जळकट वस्तू वाटली असती काय? एका नोंदीवरून सिद्धान्त मांडू नये हे मान्य. पण या कथेच्या बाजूने तर तशी एकही समकालीन नोंद पुढे केली जात नाही.

क्योटोतील काचेचे तिमजली उपकरण हे विसाव्या शतकातील कॉफीगृहांचे अपत्य होय. वरच्या भांड्यातून थेंबथेंब पाणी कॉफीवर पडते आणि कित्येक तासांनी खालच्या भांड्यात अर्क साठतो. प्रयोगशाळेतील उपकरणाशी त्याचे साम्य उघड आहे. जपानी घरांत मात्र या मनोऱ्याला जागा नव्हती. तेथे कॉफीची पुरचुंडी पाण्याच्या भांड्यात टाकून शीतकपाटात ठेवण्याची रीत आली. भाजलेल्या सातूचा थंड काढा, ‘मुगिचा’, उन्हाळ्यात याच प्रकारे करून ठेवण्याची सवय त्या घरांना असल्याने तिला वेगळे शिकविण्याची गरज पडली नसावी.

अर्काची गरज आणि छावणीतील चित्र

थंड पाण्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तर दाट अर्क करून ठेवण्याची गरज एकोणिसाव्या शतकात ठळकपणे दिसते आणि ती मुख्यतः सैन्याची आहे. १८४० मध्ये अल्जीरियातील मॅझाग्रान या ठाण्यात १२३ फ्रेंच सैनिक वेढ्यात सापडले होते. फ्रान्समध्ये लांब पेल्यातून दिल्या जाणाऱ्या पातळ, थंड कॉफीला त्या ठाण्याचे नाव मिळाले; सैनिक कॉफीच्या पाकात थंड पाणी घालून पीत, असे सांगतात. अमेरिकन यादवी युद्धात संघराज्याच्या सैन्याला दूध-साखरेसह आटविलेला कॉफीचा अर्क पुरविण्याचा प्रयोग झाला. तो गाडीच्या आसाला लावावयाच्या वंगणासारखा दिसे आणि सैनिकांनी तो नाकारला.

या मालिकेत भारताशी थेट संबंध असलेले उदाहरण म्हणजे ‘कॅम्प कॉफी’. ग्लासगो येथील पॅटरसन यांच्या कंपनीने १८७६ मध्ये हा बाटलीबंद अर्क बाजारात आणला. भारतातील मोहिमांवर असताना चटकन करता येईल अशी कॉफी गॉर्डन हायलँडर्स या पलटणीने मागितली आणि म्हणून तो तयार झाला, अशी त्याची उगमकथा आहे. येथेही संकटातले सैनिक आहेत, दूरचा देश आहे आणि विस्तवाची अडचण आहे. डच खलाशांच्या कथेचा साचा हाच. बाटलीत होते ते प्रामुख्याने साखर आणि चिकरी. कॉफीचा अर्क शेकडा ४ आणि चिकरीचा शेकडा २६, असे त्याचे प्रमाण नोंदलेले आढळते. तो थंड पाण्यात मुरवलेला नव्हता. तरीही या निबंधात त्याला स्थान देण्याचे कारण त्याच्या बाटलीवरील चित्र हे आहे.

या चित्रात तंबूपुढे एक स्कॉटिश अधिकारी बसलेला असून त्याच्या हाती पेला आहे. तो हेक्टर मॅक्डोनल्ड असल्याचे मानले जाते. त्याच्या शेजारी हाती तबक घेऊन एक शीख सेवक उभा आहे. तबकावर बाटली आहे आणि त्या बाटलीवर पुन्हा तेच चित्र. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर केव्हातरी सेवकाच्या हातातील तबक गेले, तो नुसताच उभा राहिला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बदललेल्या चित्रात तो अधिकाऱ्याच्या शेजारी बसला असून त्याच्याही हाती पेला आला आहे. उभ्याचा बसता होण्यास साम्राज्य संपल्यानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ही कॉफी ‘सैनिकांनी मागितली’ असे कथा सांगते. ती तयार करून पुढ्यात आणणारा माणूस मात्र कथेत नाही, केवळ चित्रात आहे. घरगुती आणि सेवेच्या श्रमांचा इतिहास लिहिताना ही विसंगती वारंवार भेटते.

एम.फिल.च्या काळात एका व्यापारी कुटुंबाच्या किराणा खर्चाच्या वह्या पाहण्याचा योग आला होता. त्यांत कॉफीच्या पुडीची किंमत पैपैशासह नोंदलेली होती. ती कोणी केली, कशी केली, जायफळ किसून घातले की वेलदोडा, याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. असणार तरी कसा? वही लिहिणारा माजघरापर्यंत येत नव्हता. जुन्या मराठी कोशांत कॉफीच्या बीसाठी ‘बुंद’ हा अरबी ‘बुन्’ वरून आलेला शब्द सापडतो. म्हणजे वस्तू बाजारात होती, शब्द भाषेत होता. कृती तेवढी लिहिली गेली नाही.

उकळण्याविरुद्धचा युक्तिवाद आणि १९६४

कॉफी उकळू नये, उकळल्याने तिचा सुगंध उडून जातो, हा विचार नवा नाही. काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंजामिन थॉम्पसन या शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कॉफीवर स्वतंत्र निबंध लिहून तो मांडला. त्याने पाणी गरमच घेतले. फक्त कॉफीसह ते उकळू दिले नाही. त्या आधी दोन शतके, थॉमस रो यांच्याबरोबर भारतात आलेल्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने येथील धर्मनिष्ठ लोक मद्याऐवजी कॉफी पितात, असे नोंदविले आहे. ते पेय काळे बी पाण्यात उकळून केलेले असे आणि त्याने पाण्याचा रंग बदलला तरी चव फारशी बदलत नसे, असे त्याचे निरीक्षण आहे. मोगल काळातील भारतीय कॉफीची ही साक्ष उकळण्याची आहे, भिजविण्याची नव्हे.

आजच्या घरगुती कोल्ड ब्रूचा ज्याला निश्चित कालनिर्देश करता येतो असा टप्पा १९६४ चा आहे. कॉर्नेल विद्यापीठातून रसायन अभियांत्रिकी शिकलेले टॉड सिम्पसन हे रोपवाटिकेचा व्यवसाय करीत. वनस्पती गोळा करण्यासाठी ग्वाटेमालात गेले असता एका उपाहारगृहात त्यांच्यापुढे कॉफीचा थंड, दाट अर्क आणि सोबत उकळते पाणी ठेवण्यात आले. ती कॉफी आवडून त्यांनी घरी करता येईल असे साधन बनविले आणि ‘टॉडी’ या नावाने विकले. पांढऱ्या प्लास्टिकचे बादलीवजा भांडे, तळाशी छिद्र, छिद्रावर नमद्याची जाड चकती आणि खाली बूच, असे हे साधन. १२ औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम कॉफी आणि ७ कप पाणी, म्हणजे सुमारे १,६६० मिलिलिटर, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. पाणी कॉफीच्या साधारण पाचपट होते.

याही कथेला फांदी फुटली आहे. कोठे ग्वाटेमालाऐवजी पेरू असते, तर कोठे ही प्राचीन पेरूवासीयांची पद्धत असल्याचे सांगितले जाते. कॉफी ही मुळात आफ्रिकेतील वनस्पती. अमेरिका खंडात तिची लागवड अठराव्या शतकात पसरली. प्राचीन पेरूवासीयांजवळ कॉफीच नव्हती! तरीही ‘प्राचीन’ हे विशेषण बाजारात चालते. नमद्याच्या चकतीला इतिहास नसतो. तो बाहेरून आणावा लागतो.

त्या उपाहारगृहात अर्क कोणी केला होता, हे सिम्पसन यांच्या कथेतून कळत नाही. ती रीत ज्या स्वयंपाकघरातून आली तेथील कोणाचेही नाव शिल्लक नाही. शिल्लक आहे ते पाहुण्याचे नाव. यात सिम्पसन यांचा दोष नाही. त्यांनी साधन बनविले, त्याला नाव दिले, विकले, म्हणून त्याचा कागद झाला आणि कागद झाला म्हणून तो इतिहासकाराच्या हाती लागला. पुढे २०११ मध्ये पोर्टलंडच्या स्टम्पटाउन या कंपनीने छोट्या बाटल्यांत कोल्ड ब्रू विकण्यास प्रारंभ केला, २०१५ मध्ये स्टारबक्सने अमेरिकेतील आपल्या दुकानांत ते आणले आणि २०१६ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या स्लीपी आउल या कंपनीने भिजविण्याच्या तयार पुड्या भारतीय घरांत पोहोचविल्या. डच खलाशांची गोष्ट इतकी सर्वतोमुखी झाली ती मुख्यतः याच काळात, असे मानण्यास जागा आहे.

‘हिम’ आणि आपण

आता दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रतिपादनाकडे वळू. आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच मूलभूत कषायकल्पना सांगितल्या आहेत. शार्ङ्गधरसंहितेनुसार हिम करताना औषधाची भरड सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळून घेतात. क्वाथ म्हणजे उकळून आटविलेला काढा. गरम पाण्यात काही वेळ ठेवून गाळतात तो फांट. या वर्गीकरणात कॉफीच्या सर्व रीती चपखल बसतात. टेरीने पाहिलेली कॉफी क्वाथाच्या जवळची आणि कोल्ड ब्रू म्हणजे हिम. दाक्षिणात्य गाळणीच्या कॉफीला आपण ‘डिकॉक्शन’, म्हणजे काढा म्हणतो खरे. पण तीत उकळणे नाही, म्हणून ती फांटाच्याच वर्गात पडेल. सहापट पाण्याचे प्रमाण टॉडीच्या पाचपट पाण्याशी इतके जवळ आहे की, विद्यार्थ्याचा मोह समजण्यासारखा आहे.

परंतु वर्गीकरणात बसणे आणि वंशज असणे या भिन्न गोष्टी आहेत. शार्ङ्गधरसंहितेचा काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा मानला जातो. कॉफी पिण्याचे विश्वसनीय पुरावे येमेनमध्ये पंधराव्या शतकापासून मिळतात आणि भारतात तिचा ठोस उल्लेख सतराव्या शतकातला आहे. हिमाची कृती सांगणाऱ्यांनी कॉफी पाहिली नव्हती. ग्वाटेमालातील त्या स्वयंपाकघरात शार्ङ्गधर पोहोचल्याचा पुरावा नाही, क्योटोतही नाही. भरड आणि पाणी यांचे पाच-सहापटीचे प्रमाण दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडण्यास एक साधे कारण पुरते. पाणी याहून फार कमी घेतले तर भरडच ते शोषून घेते आणि गाळण्यासाठी काही उरत नाही. ज्याने कोणी भरडीवर पाणी ओतून पाहिले असेल त्याला हे प्रमाण एक-दोन खेपांत कळले असेल.

हा मुद्दा वर्गात पटवून देणे सोपे गेले नाही. डच कथा खोडून काढताना सर्वांना आनंद झाला होता. तेच कालक्रमाचे हत्यार आपल्या कथेवर चालविताच ते अभारतीय वाटू लागले. इतिहासाच्या अध्यापकाची खरी परीक्षा येथे असते, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. पुराव्याचा नियम परक्याला एक आणि आपल्याला दुसरा असू शकत नाही. उन्हाळ्यात आपल्या घरांत धने-जिरे रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून पितात, सब्जा भिजवितात, मनुका भिजवितात. ही परंपरा जिवंत आहे आणि तिला कॉफीच्या जनकत्वाची जोड देण्याची आवश्यकता नाही. थंड पाण्यात मुरविण्याची कृती बहुधा अनेक ठिकाणी, अनेकदा, नोंद न होता सापडली असावी. तिला एकच उगम असण्याचे कारण नाही.

आंबटपणा, शीतकपाट आणि मे महिना

उगमकथेच्या जोडीने आरोग्यकथाही येते. कोल्ड ब्रू आम्लरहित असते, पित्त होत नाही, असे सांगितले जाते. फिलाडेल्फियातील थॉमस जेफर्सन विद्यापीठात निनी राव आणि मेगन फुलर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरम व थंड दोन्ही कॉफींचा सामू जवळजवळ सारखाच, ४.८५ ते ५.१३ या दरम्यान आढळला. गरम कॉफीत एकूण आम्लांचे प्रमाण अधिक होते, हेही त्यांनी दाखविले. त्यामुळे जिभेला जाणवणारा फरक अगदी काल्पनिक नाही. त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासानुसार कॅफीन पाण्यात उतरण्याची क्रिया सहा-सात तासांत जवळपास पूर्ण होते. बारा किंवा चोवीस तासांचा आग्रह रसायनशास्त्रापेक्षा झोपेच्या वेळेशी आणि दुकानाच्या पाळीशी जुळणारा आहे, अशी शंका येते.

थंड पाण्याने जंतू मरत नाहीत, ही बाब मात्र पाककृतींत क्वचितच सांगितली जाते. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका उत्पादकाला डबाबंद कोल्ड ब्रूमध्ये बॉट्युलिनम विष तयार होण्याची शक्यता लक्षात आल्याने आपला माल परत घ्यावा लागला. कोणी आजारी पडल्याचे वृत्त नव्हते. परदेशी कृतीत ‘खोलीच्या तापमानात रात्रभर ठेवा’ असे लिहिलेले असते. ती खोली इथाकाची असते. विदर्भातील मे महिन्याच्या रात्री स्वयंपाकघरातील पाणी कोमट असते आणि कृतीतील तो शब्द येथे धोकादायक ठरतो. म्हणून आपल्याकडील घरगुती कोल्ड ब्रूचा इतिहास हा पुष्कळसा शीतकपाटाचा इतिहास आहे. भारतीय कंपनीने, गोदरेजने, शीतकपाट बनविण्यास सुरुवात केली ती १९५८ मध्ये. ते मध्यमवर्गीय घराची नित्याची वस्तू व्हावयास आणखी कित्येक दशके लागली. तोवर हिमाची कृती माठातल्या पाण्यावर आणि पहाटेच्या गारव्यावर अवलंबून होती, आणि तो हिम सकाळीच पिऊन संपवावयाचा असे. अर्क आठवडाभर ठेवण्याची कल्पना विजेसह येते.

प्रस्तुत लेखिकेचा पहिला प्रयोग फसला तो वेगळ्याच कारणाने. दुकानातून आणलेली पूड दाक्षिणात्य गाळणीसाठी बारीक दळलेली असून तीत चिकरी होती. सकाळी फडक्यातून काहीच उतरेना, आणि पिळल्यावर जे उतरले ते गढूळ व तुरट होते. नंतर चिखलदऱ्याहून आणलेली कॉफी वापरली. अमरावती जिल्ह्यातील हे ठिकाण महाराष्ट्रातील कॉफीच्या लागवडीसाठी ओळखले जाते आणि तेथील कॉफीचा प्रारंभ इंग्रजी अमदानीतला आहे. बिया घरीच मिक्सरमध्ये थांबत थांबत, रव्याहून जाड राहतील इतपत फिरविल्या. १०० ग्रॅम भरडीला उकळून गार केलेले ७०० मिलिलिटर पाणी घेतले, बरणी झाकून शीतकपाटात चौदा तास ठेवली, आधी गाळणीतून आणि मग दुहेरी मलमलीतून न पिळता गाळले. सुमारे अर्धा लिटर अर्क मिळाला, उरलेले पाणी चोथ्याने धरून ठेवले. तो अर्क दुप्पट पाण्यात घालून चार दिवसांत संपविला.

दोघा विद्यार्थ्यांना पुढील सत्रात हाच स्वाध्याय वेगळ्या रीतीने दिला. घरात काय काय रात्री भिजत घातले जाते, किती पाण्यात, कोणत्या भांड्यात, कोण घालते आणि ते कोणाकडून शिकले, हे तारखेसह लिहून आणावयाचे. हिमवाल्या विद्यार्थ्याच्या वहीत पहिली नोंद धन्याची आहे. ‘कोणाकडून शिकली’ या रकान्यात त्याने आजीचे नाव लिहिले, आणि पुढे कंसात, आजीला विचारले असता तिने आपल्या सासूचे नाव सांगितले, जे घरात आता कोणालाच पूर्ण आठवत नाही.